जीपला लॉगबुक असते, यंत्राला का नसावे?

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या कोणालाही दोन नोंदवह्या चांगल्या परिचयाच्या असतात. पहिली जडसंग्रह नोंदवही. तिला सर्वत्र 'डेड स्टॉक रजिस्टर' याच नावाने ओळखतात. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, संगणक अशी प्रत्येक टिकाऊ वस्तू तीत क्रमांकासह चढवली जाते. वर्षातून एकदा पडताळणी होते आणि वस्तू जागेवर असल्याचे पाहून सही केली जाते. दुसरी नोंदवही म्हणजे सरकारी जीपचे लॉगबुक. जीप कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी, किती किलोमीटर धावली, किती डिझेल लागले, दुरुस्ती केव्हा झाली, याची त्यात रोज नोंद होते. पहिल्या नोंदवहीचा प्रश्न एवढाच असतो की वस्तू आहे का. दुसऱ्या नोंदवहीला वस्तू काय काम करते हे हवे असते.

या दोन प्रश्नांमधील अंतर किती मोठे आहे, हे काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात शाळा तपासणीला गेलो असता मला प्रकर्षाने जाणवले. मुख्याध्यापकांनी नव्या प्रयोगशाळेचे कुलूप काढले. आत काचेच्या कपाटात एक थ्रीडी प्रिंटर ठेवलेला होता. त्यावरचे खरेदीच्या वेळचे प्लास्टिकचे आवरणही काढलेले नव्हते. शेजारी फिलामेंटचे, म्हणजे प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचे रीळ होते. दमट हवेने ती तार इतकी ठिसूळ झाली होती की बोटाने मोडत होती. मुख्याध्यापक मात्र समाधानाने म्हणाले, "साहेब, यंत्र अगदी सुस्थितीत आहे. आजवर कोणाला हात लावू दिलेला नाही."

मला प्रथम राग आला, पण तो टिकला नाही. पूर्वी त्यांच्या शाळेतील एक संगणक विजेच्या दाबाने जळाला होता आणि लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला उत्तरे देता देता त्यांची दोन वर्षे गेली होती. वस्तू बंद ठेवल्याबद्दल त्यांना कोणी कधी विचारले नव्हते. वस्तू वापरताना बिघडल्याबद्दल मात्र विचारले होते. ज्या व्यवस्थेने त्यांना हे शिकवले, तिचा मीही एक भाग होतो. परतीच्या वाटेवर या यंत्रांच्या इतिहासाचा विचार मनात सुरू झाला. तो इतिहास पुढे वाचत गेलो, तसे लक्षात आले की तो जितका अभियंत्यांचा आहे तितकाच खरेदीच्या अटींचा, अर्जांच्या मुदतींचा आणि चालू खर्चाच्या तरतुदींचाही आहे.

या यंत्रांची नावे निरनिराळी असली तरी कूळ एकच. सीएनसी यंत्र धातूच्या ठोकळ्यातून नको तो भाग कापून काढते. थ्रीडी प्रिंटर थरावर थर रचून वस्तू उभी करतो. स्कॅनर हाती असलेल्या वस्तूच्या पृष्ठभागावरील असंख्य बिंदू मोजून तिचा आराखडा संगणकात आणतो; मोडलेल्या भागाचे मूळ रेखाचित्र हरवले असेल तेव्हा तो विशेष उपयोगी पडतो. तिन्ही यंत्रांच्या दृष्टीने वस्तू म्हणजे बिंदूंचे सहनिर्देशक, अर्थात अंकांची एक यादी. वस्तू अशी अंकांत मांडता येते आणि ते अंक थेट यंत्राला सांगता येतात, हाच या साऱ्या तंत्राचा पाया आहे.

हा पाया अमेरिकेत घातला गेला. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवीत असे. पात्याचा वक्र आकार तपासण्यासाठी साचे लागत. मोजक्या बिंदूंमधून वक्ररेषा काढून कारागीर ते हाताने घासून तयार करीत. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी छिद्रित पत्त्यांवर चालणाऱ्या आयबीएमच्या गणनयंत्राने त्या वक्ररेषेवरील सुमारे २०० बिंदू काढले. मग कारागीर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत आकड्यांबरहुकूम कापत जाऊ लागले. ते आकडे थेट यंत्रालाच दिले तर काय होईल, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. जेट विमानांच्या पंखांना याच प्रकारचे गुंतागुंतीचे भाग लागणार होते. म्हणून १९४९ साली अमेरिकन वायुदलाने पार्सन्स यांना कंत्राट दिले. पार्सन्स यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेची मदत घेतली आणि १९५२ च्या सप्टेंबरमध्ये तेथील प्रयोगशाळेत छिद्रित फितीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. त्याच्या नियंत्रकात शेकडो व्हॅक्यूम ट्यूब होत्या.

शोधाच्या कथा सहसा येथे संपतात. प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येथून पुढे सुरू होतो. प्रात्यक्षिक यशस्वी झाले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, परंतु कारखानदारांनी यंत्र घेतले नाही. ते महाग होते, नाजूक होते, आणि त्याच्या आज्ञांची फीत तयार करण्याचे काम अतिशय किचकट होते. तेव्हा वायुदलाने शंभराहून अधिक यंत्रे स्वतःच्या खर्चाने घेऊन विमान कंपन्यांच्या कारखान्यांत बसवली. एवढ्यावर न थांबता ती चालवायला शिकण्याचा आणि ती चालू ठेवण्याचा खर्चही उचलला. फीत सोपेपणाने तयार व्हावी म्हणून एमआयटीत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली 'एपीटी' ही आज्ञावलीची भाषा तयार झाली आणि १९५९ साली ती जाहीर करण्यात आली. याच सुमारास स्कॉटलंडमध्ये फेरांटी कंपनीने अशा यंत्रांवर बनलेले भाग मोजण्यासाठी सहनिर्देशक मोजणारे यंत्र तयार केले. वस्तू पुन्हा अंकांत आणण्याच्या आजच्या स्कॅनिंगचे ते एक पूर्वरूप होय. सारांश, त्या शासनाने यंत्राबरोबर ते शिकण्याची आणि चालवण्याची किंमतही मोजली, आणि त्यामुळेच तंत्र रुजले.

त्या निर्णयाला दुसरी बाजूही होती. त्याच काळात आणखी एक पद्धत उपलब्ध होती. कुशल कारागीर हाताने यंत्र चालवी, त्याच्या हालचाली फितीवर नोंदल्या जात आणि नंतर यंत्र त्याच हालचाली परत करी. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली असे मांडले की ही पद्धत मागे पडण्याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. कौशल्य कारागिराच्या हातून काढून कचेरीतील नियोजकाकडे नेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही त्यामागे होती. नोबल यांचे सर्व म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही. तथापि यंत्राची निवड करताना त्याला हात कोणी लावायचा हेही आपण ठरवीत असतो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. काचेच्या कपाटाला कुलूप लावणे हाही अशा प्रकारचा निर्णयच होय.

थ्रीडी प्रिंटरची कथा जपानमधील नागोया शहराच्या औद्योगिक संशोधन संस्थेत सुरू होते. तेथील संशोधक हिदेओ कोदामा हे आपल्या भाषेत पालिकेचे नोकर. प्रकाश पडताच घट्ट होणारे द्रवरूप रेझिन थरावर थर घट्ट करून वस्तू घडवण्याची पद्धत त्यांनी शोधली. १९८० साली पेटंटचा अर्ज केला आणि १९८१ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. परंतु अर्जानंतरची विहित कार्यवाही मुदतीत झाली नाही आणि पेटंट मिळाले नाही. फ्रान्समध्ये आलें ल मेओते, ओलिव्हिए द विट आणि झां-क्लोद आंद्रे या तिघांनी १६ जुलै १९८४ रोजी अशाच पद्धतीसाठी अर्ज केला. मात्र या शोधाला व्यापारी भवितव्य नाही असे ठरवून त्यांच्या कंपन्यांनी तो अर्ज सोडून दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, अमेरिकेत चार्ल्स हल यांनी अर्ज केला. १९८६ साली त्यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांची कंपनी उभी राहिली. कोदामा यांच्या कामाचा गौरव १९९५ साली ब्रिटनमधील रँक पारितोषिकाने झाला. ते त्यांना हल यांच्यासमवेत विभागून मिळाले. तोपर्यंत उद्योग दुसऱ्या देशात वाढला होता.

ही हकीकत वाचताना कोणत्याही सरकारी नोकराला स्वतःच्या टेबलावरची एखादी धारिका आठवल्यावाचून राहणार नाही. संशोधक हुशार होता, शोध खरा होता, अर्जही वेळेवर गेला होता. पुढील तारखेचा पाठपुरावा तेवढा राहून गेला. आपल्याकडेही मंजुरीपर्यंत पाठपुरावा करणारे पुष्कळ असतात. मंजुरीनंतरच्या कामाला मात्र बहुधा कोणी वाली नसतो.

मुदतीचा परिणाम उलट दिशेनेही होतो. वितळलेल्या प्लास्टिकची तार थरांनी रचण्याची पद्धत अमेरिकेत स्कॉट क्रम्प यांनी शोधली. तिच्या पेटंटचा अर्ज १९८९ सालचा होता, आणि ते २००९ साली संपले. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ सालीच 'रेपरॅप' हा प्रकल्प सुरू केला होता. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणारा प्रिंटर बनवायचा आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवायचे, अशी त्यामागची कल्पना होती. पेटंट संपल्यावर या खुल्या आराखड्यांवर लहानमोठ्या उत्पादकांनी प्रिंटर बनवायला सुरुवात केली आणि किमती झपाट्याने उतरल्या. आपल्या शाळांच्या कपाटात हे यंत्र येऊ शकले ते यामुळे.

भारतात यंत्रे बनवणारी यंत्रे देशातच झाली पाहिजेत, हा विचार स्वातंत्र्यानंतर लवकर रुजला. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरू येथे हिंदुस्तान मशीन टूल्स, अर्थात एचएमटी, स्थापन झाली. १९६२ साली त्याच शहरात केंद्रीय मशीन टूल संस्था आली. १९६८ साली हैदराबादला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन सुरू झाली. पुढे लुधियाना, कोलकाता, भुवनेश्वर, जमशेदपूर, इंदूर, अहमदाबाद आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे जर्मनी, डेन्मार्क अशा देशांच्या साहाय्याने टूल रूम उभ्या राहिल्या.

या टूल रूमचा कारभार मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्या लघुउद्योगांसाठी डाय, साचे आणि अचूक भाग बनवून देतात, त्याचे पैसे घेतात आणि त्याच यंत्रांवर मुलांना शिकवतात. मुलगा जो जॉब करतो तो उद्या कोणाच्या तरी कारखान्यात बसणार असतो. तेथे यंत्र बंद राहिले तर उत्पन्न बुडते, म्हणून ते बंद ठेवणे कोणाच्याच हिताचे नसते. भुवनेश्वरच्या टूल रूमने भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या, म्हणजे इस्रोच्या, चांद्रयान मोहिमांसाठी भाग पुरवले, त्यामागे अनेक वर्षे विनाखंड चाललेली यंत्रे आणि त्यांवर तयार झालेले हात आहेत.

वरच्या स्तरावर हे तंत्र आपण आत्मसात केले आहे याविषयी शंका नको. ९ मे २०२४ रोजी इस्रोने थ्रीडी पद्धतीने बनवलेल्या पीएस-४ इंजिनाची ६६५ सेकंद चाचणी घेतली. पूर्वी १४ भाग जोडून होणारे काम एकसंध भागात आले, १९ जोड वाचले, आणि एका इंजिनाला ५६५ किलोऐवजी १३.७ किलो धातूची भुकटी पुरली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचे, एकसंध छापलेल्या इंजिनावर चालणारे यान श्रीहरिकोट्याहून उडाले. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळुरूत अशाच पद्धतीने बांधलेले टपाल कार्यालय सुरू झाले होते. प्रश्न आहे तो खालच्या स्तरावरचा, जेथे पुढच्या पिढीचे हात तयार व्हायचे आहेत.

या बाबतीत महाराष्ट्रातील एका खेड्याचा अनुभव साऱ्या देशाला उपयोगी पडावा असा आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे, असे त्यांचे सूत्र होते. विद्यार्थी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी शिकत आणि गावकऱ्यांची तीच कामे मोबदला घेऊन करून देत. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड अंकीय यंत्रांची छोटी कार्यशाळा, म्हणजे 'फॅब लॅब', विद्यापीठाबाहेर नेऊ पाहत होते, तेव्हा २००२ साली अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. तेथे डिझेल इंजिनाच्या गतीची मोजणी, दुधाची प्रत तपासणे असे गावचेच प्रश्न घेतले गेले. यंत्र अमेरिकेहून आले, परंतु काम करता करता शिकण्याची रीत पाबळला १९ वर्षे आधीपासून होती. म्हणूनच ते तेथे चालले.

आपली आजची योजना याच्या उलट क्रमाने चालते. २०१६ साली नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभारायला सुरुवात झाली. प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यातील १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढील पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी आहेत. अशा १० हजार प्रयोगशाळा झाल्या. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. चालू खर्चाची तरतूद मुळातच ठेवली आहे, हे योजनेचे मोठे गुण होत. अमेरिकन वायुदलाने सत्तर वर्षांपूर्वी ओळखलेली गोष्ट आपण कागदावर ओळखली आहे. अनेक शाळांमध्ये उत्तम काम चालते, हेही मी पाहिले आहे. पण जेथे यंत्र केवळ जडसंग्रहात चढते, तेथे चालू खर्चाचा पैसा असूनही मुख्याध्यापकाचा हात धजावत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. अशा प्रत्येक यंत्राला जीपसारखे लॉगबुक असावे. तारीख, यंत्र कोणी चालवले, काय बनवले, किती तास चालले आणि दुरुस्ती, एवढे पाच रकाने पुरेत. तपासणी अधिकाऱ्याने यंत्र जागेवर आहे की नाही हे पाहावेच, पण गेल्या तिमाहीत ते किती तास चालले हे आधी विचारावे. जीपचा टायर झिजला म्हणून चालकाकडून वसुली होत नाही, कारण टायर झिजतो हे नियमाने मान्य केले आहे. त्याचप्रमाणे प्रिंटरचे नोझल आणि फिलामेंट उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत घ्यावे. त्यांची झीज हा अपहार नव्हे, असे लेखी स्पष्ट करावे. दुरुस्तीसाठी जवळची टूल रूम किंवा आयटीआय नेमून द्यावी. यातील कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

त्या शाळेच्या तपासणी अहवालात मी हेच लिहिले आणि वापरात झालेल्या बिघाडाची जबाबदारी मुख्याध्यापकांवर ठेवली जाणार नाही, असे नमूद करून खाली सही केली. सहा महिन्यांनी लॉगबुक मागवले. सुरुवातीच्या नोंदी मुलांच्या नावाच्या किल्लीसाखळ्यांच्या होत्या. दुसऱ्या महिन्यापासून बाकांच्या लोखंडी पायांना लागणाऱ्या टोप्या आणि पाण्याच्या टाकीच्या नळाची मूठ दिसू लागली. नळाची मूठ तीनदा छापली गेली होती, कारण पहिल्या दोन बसल्या नव्हत्या. तिसऱ्या नोंदीसमोर एका मुलीने मुठीचे माप मिलिमीटरमध्ये लिहिले होते. दुरुस्तीच्या रकान्यातही तीन नोंदी होत्या. त्या वाचून मला जितके समाधान वाटले, तितके त्या काचेच्या कपाटापाशी वाटले नव्हते.

हा लेख वाचणारे अनेक जण नोकरीनिमित्त बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू अशा शहरांत स्थायिक झाले आहेत. कित्येकांचे आयुष्य अशाच यंत्रांवर गेले आहे. अटल इनोव्हेशन मिशनमध्ये स्वयंसेवक मार्गदर्शकांसाठी 'मेंटॉर ऑफ चेंज' नावाची सोय आहे, आणि त्यासाठी आठवड्यातील एखाद-दोन तास पुरतात. आपण राहतो तेथील शाळेत जावे, मुख्याध्यापकांना भेटावे आणि यंत्राची चौकशी करावी. यंत्र सुस्थितीत आहे असे उत्तर आले, तर शेवटचे केव्हा चालवले होते हेही नम्रपणे विचारून घ्यावे.